जबड्याखालची सूज : गोळीआधी तपासणी

प्रश्न : पावसाळ्यानंतर आमच्या म्हशी भातखाचरांत चरतात. एकीच्या जबड्याखाली सूज आली आहे, शेण पातळ झाले आहे, दूधही घटले आहे. जंताची गोळी द्यावी का?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : आधी ताप पाहा. सूज गरम, दुखरी आणि ताप जोराचा असेल तर घटसर्पाची शक्यता असते. डॉक्टरांना तत्काळ बोलवा. सूज थंड, मऊ असेल तर यकृतातल्या चपट्या कृमींचा संशय घ्यावा. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींत त्यांच्या अळ्या वाढतात, मग गवताला चिकटून जनावराच्या पोटात जातात.

ताजे शेण स्वच्छ डबीतून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. कृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. पण कृमी प्रौढ व्हायला सुमारे ३ महिने लागतात, तोवर ती सापडत नाहीत. त्यामुळे एकाच अहवालावर विसंबू नका.

जंताची प्रत्येक गोळी या कृमींवर चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड की ट्रायक्लाबेंडाझोल, आणि वजनानुसार किती, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. म्हैस गाभण असल्यास सांगा. औषधानंतर दूध किती दिवस विकायचे नाही, तेही विचारा. पाणथळीतले गवत टाळा, पाणी हौदातलेच पाजा.