सासूबाई येण्याआधी टीव्हीचं ठरव

पोरी,

सासूबाई पुढच्या महिन्यात दुबईला राहायला येताहेत आणि डिश बसवायची की इंटरनेटवरच भागवायचं यावर तुमचं घोडं अडलंय, असं तुझी आई फोनवर म्हणाली. आखातात संसार केल्यामुळे हा प्रश्न मी घरोघरी ऐकलाय. कुणाचं झकास जमलं, कुणाचे पैसे पाण्यात गेले, तेही पाहिलंय. त्यातून जे हाती लागलं ते तुझ्या कानात सांगते. जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी माणूस बघ, मग यंत्र

दुकानात जाऊन “कोणता बॉक्स चांगला?” असं विचारू नकोस. दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला बॉक्सच चांगला म्हणणार. त्याऐवजी सासूबाईंना फोन कर आणि त्या दिवसभरात काय काय बघतात ते वेळेसकट लिहून घे. सकाळचं कीर्तन, दुपारचा पाककृतीचा कार्यक्रम, संध्याकाळच्या मालिका, रात्रीच्या बातम्या, सगळं. मग प्रत्येकापुढे एवढंच लिही: हे त्याच क्षणी बघायला हवं, की नंतर चालेल? क्रिकेटचा सामना, निवडणुकीचा निकाल, लालबागच्या राजाची विसर्जन मिरवणूक ही त्या क्षणीच बघण्यात मजा. मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पाहिली तरी काही बिघडत नाही.

घड्याळही विसरू नकोस. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. तिकडे साडेसातला लागणारी मालिका तुझ्याकडे सहालाच सुरू होते, तेव्हा तू अजून ऑफिसातून निघालेलीही नसतेस. तुझ्या न्यू जर्सीच्या चुलतबहिणीकडे तर उलटीच तऱ्हा. आषाढीला पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते, तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. ती पूजा ती मुलांना घेऊन आरामात थेट बघू शकते, पण रात्री आठची मालिका तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेनऊला लागणार. म्हणून तिला ‘नंतर बघा’ची सोय हवीच, तुला ती निम्म्या कार्यक्रमांपुरती पुरेल. ही यादी हातात आली की अर्धा निर्णय झालाच म्हणून समज.

उपग्रह तुझ्या आकाशात आहे का ते बघ

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एकाच जागी थांबल्यासारखे दिसतात. भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह साधारण ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशाच्या दरम्यान आहेत. दूरदर्शनची डीडी फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंशांवर. मुंबईतून तो आग्नेयेला चांगला ५७ अंश उंच दिसतो, दुबईतून त्याच दिशेला पण ३८ अंशांवर. लंडनमधून तो क्षितिजाखाली जातो आणि न्यू जर्सीतून तर प्रश्नच नाही. तिथे कितीही मोठी डिश लावली तरी भारताचा उपग्रह सापडायचा नाही. लंडन-न्यू जर्सीत कुणी “इंडियन डिश बसवून देतो” म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवायचं.

दुबई-मस्कतला तो दिसतो खरा, पण त्याचा झोत भारतासाठी आखलेला आहे. कडेला सिग्नल क्षीण होतो, म्हणून गावाकडे साठ सेंटीमीटरच्या डिशवर जे भागतं त्याला इथे मोठी डिश लागते. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि दूरदर्शन सह्याद्री मिळते. पण सासूबाईंच्या आवडत्या मालिका खासगी वाहिन्यांवर असतील, तर नुसत्या फ्री डिशवर त्यांचं समाधान होणार नाही. यादी पुन्हा बघ.

गच्चीवर स्वतः जाऊन ये

इमारतीच्या नातूरला, म्हणजे पहारेकऱ्याला, सांगून एकदा गच्चीवर जा. पश्चिमेकडे तोंड करून, जवळजवळ उभ्या असल्यासारख्या बसवलेल्या डिश दिसतील. त्या नाइलसॅटकडे बघताहेत. तो ७ अंश पश्चिमेला, म्हणून दुबईतून जेमतेम सोळा-सतरा अंशांवर दिसतो. त्यावर अरबी वाहिन्यांचा सुकाळ आहे, हिंदी सिनेमेही लागतात, पण अरबी डबिंग किंवा अरबी उपशीर्षकांसह. सासूबाईंना त्याचा फारसा उपयोग नाही. आग्नेयेकडे वर मान केलेली डिश दिसली, तर ती भारताची. त्या दिशेला शेजारचा टॉवर आड येतो का ते तिथेच उभं राहून बघ. भिंत आड आली की खेळ खलास.

बाल्कनीत डिश लावायचा विचारही करू नकोस, दुबई नगरपालिकेची त्याला मनाई आहे. गच्चीवर लावायची तर मालकाची परवानगी लेखी घे.

आणि बसवणारा माणूस आला की त्याच्या शेजारी उभी राहा. टीव्हीवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. तो स्ट्रेंथ दाखवून “मॅडम, फुल आहे” म्हणेल. तू क्वालिटी बघ. स्ट्रेंथ भरलेली आणि क्वालिटी शून्य, म्हणजे डिश त्या उपग्रहाला लागलेलीच नाही. क्वालिटी वर येईपर्यंत त्याला पैसे देऊ नकोस. डिशच्या दांडीवरच्या एलएनबीला केबल जोडली जाते, त्या जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळून घे. इथली खारी दमट हवा तिथूनच आत शिरते, पिन हिरवी पडते आणि मग चित्र तुटायला लागतं. वाळूचं वादळ झालं की डिश ओल्या फडक्याने पुसून घ्यायची.

एक सांगून ठेवते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी थोडी मिनिटं चित्र जातं, कारण सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा मेकॅनिकला बोलवून पैसे घालवू नकोस, आपोआप येतं. मुसळधार पावसातही चित्र जाणारच.

तिकडचा डीटीएच बॉक्स बॅगेत घालून आणायचा नाही

“आमच्या घरचा बॉक्स आण, रिचार्ज भारतातून भाऊ मारेल,” असं सांगणारे तुला दहा जण भेटतील. भारतातल्या खासगी डीटीएच कंपन्यांची जोडणी भारतातल्या पत्त्यापुरतीच असते. अमिरातीत असा वापर बेकायदा धरला जातो. नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाने एका मालिकेसाठी असली जोखीम घेऊ नये. कंपनीने कधी सेवा बंद केली, तर दाद मागायलाही जागा उरत नाही.

“एकदाच पैसे भरा, जगातले सगळे चॅनेल” असं सांगून विकतात त्या बॉक्सचंही तेच. चोरीचे प्रवाह असतात ते. आज चालतात, आणि नेमके अंतिम सामन्याच्या संध्याकाळी गुल होतात. व्हीपीएनच्या नादी तर मुळीच लागू नकोस. खोटा आयपी पत्ता वापरून गुन्हा केला, तर अमिरातीच्या कायद्यात ५ लाख ते २० लाख दिरहॅम दंड आहे, कैदही होऊ शकते.

इंटरनेटलाही देशाच्या सीमा असतात

आपल्याला वाटतं, ॲप एकदा घेतलं की जगात कुठेही चालेल. तसं नसतं. कार्यक्रमांचे हक्क देशागणिक विकले जातात. झी५ परदेशात २०१८ मध्ये पोचलं, पण अमेरिकेत यायला त्याला २०२१ उजाडलं. हॉटस्टार अमेरिकेत होतं, ते २०२२ च्या अखेरीस तिथे बंद झालं. भारतात जिओसिनेमा आणि हॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये एक झाले. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की वर्षभराची वर्गणी आधी भरू नकोस. एक महिना घे, सासूबाईंच्या यादीतला प्रत्येक कार्यक्रम प्रत्यक्ष लावून बघ, क्रिकेट दिसतंय का तेही बघ, मग वर्षाचं ठरव. भारतातल्या खात्यावर विसंबू नकोस. परदेशासाठीची वर्गणी बहुतेक वेळा वेगळीच घ्यावी लागते.

दुबईत आणखी एक सरळ वाट आहे. एतिसलात, म्हणजे आताची ई अँड, आणि डू या दोन्ही कंपन्या इंटरनेटच्या लाइनीबरोबर टीव्हीचा बॉक्सही देतात. सासूबाईंच्या वयाला तोच सोपा, कारण आकडा दाबला की वाहिनी लागते. फक्त ‘हिंदी पॅक’ एवढ्यावर सही करू नकोस. वाहिन्यांची यादी मागून घे आणि त्यात मराठी वाहिन्या बोट ठेवून शोध. हिंदी पॅकमध्ये मराठी आलीच असं गृहीत धरणारे खूप जण फसतात. करार किती महिन्यांचा आहे आणि आधी मोडला तर काय भरावं लागतं, हेही तेव्हाच विचार.

बातम्यांसाठी तर एक पैसाही खर्च करू नकोस. एबीपी माझा, झी २४ तास यांसारख्या वाहिन्या यूट्यूबवर थेट असतात. सिद्धिविनायकाचं दर्शनही तिथेच मिळतं.

वेग, डेटा आणि केबल

एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिटचा वेग पुरतो. तुमच्या फायबरच्या लाइनीला हे काहीच नाही. अडचण येते ती वायफायची. राउटर दारापाशी, टीव्ही आतल्या खोलीत आणि मध्ये काँक्रीटच्या भिंती, मग ते गोल गोल चक्र फिरत बसतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढून घे, निम्म्या तक्रारी मिटतील. मोबाइलच्या सिमवर टीव्ही चालवायचा असेल, तर हिशोब कर: एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज पाच तास म्हटले तरी महिन्याला साडेचारशे जीबी झाले.

इंटरनेटवरचा थेट सामना डिशच्या मागे साधारण अर्धा मिनिट तरी राहतो. विकेट पडलेली आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळते, मग टीव्हीवर दिसते. जावईबापूंना सामन्यापुरता फोन बाजूला ठेवायला सांग.

इंटरनेट समुद्राखालच्या केबलवरून येतं, हेही ध्यानात असू दे. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा आखात आणि भारत दोन्हीकडे इंटरनेट रखडलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हाही अमिरातीत वेग मंदावला. डिशला या केबलशी देणंघेणं नाही. ज्यांचा स्वतःचा व्हिला आहे, किंवा जे वाळवंटातल्या साइटवर राहतात आणि इंटरनेट अशक्त आहे, त्यांना डिश आजही उपयोगी पडते, ती याच कारणाने.

सासूबाईंना टीव्ही एकटीने लावता आला पाहिजे

हा सगळ्यांत मोठा कानमंत्र. तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडणार, संध्याकाळी परतणार. सासूबाई परक्या गावात दिवसभर घरी एकट्या. टीव्ही बिघडला की त्यांचा दिवस बिघडतो, आणि तुम्ही कामात आहात म्हणून त्या फोनही करत नाहीत. मुकाट्याने बसून राहतात. मी अशा किती तरी आया पाहिल्यात, फार वाईट वाटतं.

म्हणून तीन रिमोट टेबलावर मांडून ठेवू नकोस. एकच त्यांच्या हातात दे. त्याच्या पाठीला पांढरी पट्टी चिकटव आणि त्यावर ठळक मराठीत लिही: “१. लाल बटण. २. घराचं चित्र. ३. वरून दुसरा चौकोन.” नको असलेली ॲप पडद्यावरून काढून टाक, त्यांच्या तीन-चार गोष्टी पहिल्या ओळीत आण. अक्षरं मोठी कर. पासवर्ड विचारला जाणार नाही असं करून ठेव, आणि वर्गणी संपायच्या आधी तुझ्या फोनवर आठवण लाव. मग त्यांच्या शेजारी बसून, रिमोटला हात न लावता, त्यांना स्वतः लावू दे. दोनदा चुकतील, तिसऱ्यांदा येईल. तेवढा धीर ठेव.

आणि नातवंडांना आजीजवळ बसू दे. शाळेत इंग्रजी आणि अरबी, बाहेर हिंदी. मराठी त्यांच्या कानावर पडायला घर एवढीच जागा आहे. आजी मालिका बघता बघता “असं का गं केलं तिने?” म्हणते, नात उत्तर देते, तिथे भाषा जगते.

तर आता काय कर

तुम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, इमारतीत फायबर आहे, जागा दोन-तीन वर्षांत बदलणार. तुमच्यासाठी डिश नकोच. इंटरनेटच्या लाइनीवर मराठी वाहिन्या असलेला अधिकृत बॉक्स सासूबाईंना, जोडीला एक मराठी ॲप महिन्याच्या वर्गणीवर, आणि बातम्या यूट्यूबवर. उद्या स्वतःचा व्हिला झाला, तेव्हा डिशचा विचार कर.

या शनिवारी यादी कर, रविवारी दोन्ही कंपन्यांकडून वाहिन्यांची नावं मागव. सासूबाई उतरायच्या आठवडाभर आधी सगळं सुरू करून स्वतः वापरून बघ. पट्टी चिकटवायची राहू देऊ नकोस.

तुझी मावशी