सरकती वाटी

अगं, डॉक्टरांनी कागदावर ‘ग्रेड टू’ लिहिलं म्हणून रात्री बाराला ऑपरेशनचे व्हिडिओ बघत बसू नकोस. चिंगी जेवते, खेळते, दार वाजलं की भुंकत धावते. म्हणजे तुला विचार करायला वेळ आहे. पॉमेरियन, चिवावा, यॉर्की, टॉय पूडल, कुठलंही छोटं कुत्रं पाळणाऱ्याला गुडघ्याची वाटी सरकण्याचं हे दुखणं भेटू शकतं. आमच्याकडे दोघांना होतं. सोन्याचं ऑपरेशन केलं, बंटीचं केलं नाही, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते. का, तेच तुला सांगते.

आधी नेमकं काय होतंय ते समजून घे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून एक खाच असते. सरकत्या खिडकीची काच पट्टीतून सरकते तशी गुडघ्याची वाटी त्या खाचेतून वरखाली होते. वरून मांडीचा स्नायू तिला ओढतो आणि खालून एक चिवट पट्टा तिला नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याशी बांधून ठेवतो. छोट्या जातींत पुष्कळदा ही खाच उथळ असते, पाय थोडे फेंगडे असतात आणि नडगीवरचा तो उंचवटा आतल्या अंगाला वळलेला असतो. मग ओढ तिरकी पडते आणि वाटी आत निसटते. चिंगी मध्येच मागचा पाय उचलते, तीन पायांवर उड्या मारते, पाय मागे ताणते आणि पुन्हा काही झालंच नाही अशी पळते. पाय ताणून ती वाटी स्वतःच जागेवर बसवत असते. तुझ्या दिरांना ती नाटकं वाटतात, पण ती नाटकं नाहीत.

ग्रेड चार असतात. पहिल्यात वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि सोडली की परत येते. दुसऱ्यात चालताना आपोआप निसटते आणि कुत्र्याने पाय ताणला किंवा डॉक्टरांनी ढकलली की बसते. तिसऱ्यात बहुतेक वेळ बाहेरच असते. हाताने बसवली तरी पुन्हा जाते. चौथ्यात ती बाहेरच असते आणि हाताने बसतच नाही. पहिल्या ग्रेडला सहसा कोणी सुरी लावत नाही. तिसऱ्या-चौथ्याला बहुधा ऑपरेशनच सुचवतात. खरा घोळ दुसऱ्या ग्रेडचा, आणि तू नेमकी तिथेच उभी आहेस. दुसऱ्या ग्रेडमध्ये महिन्यातून एकदा पाय उचलणारं कुत्रंही बसतं आणि दिवसातून दहादा उचलणारंही. म्हणून त्या आकड्यावर निर्णय घेऊ नकोस. ती महिनोन् महिने कशी चालते आहे, त्यावर घे.

ते कळण्यासाठी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय वापर. ज्या दिवशी तिने पाय उचलला त्या तारखेला टिंब, जास्त वेळा उचलला तर दोन टिंबं, दुखून ओरडली तर फुली. बाजूला कारण लिही: जिना उतरताना, ओल्या फरशीवर, सकाळी उठल्या उठल्या. दोन-तीन महिन्यांत पान उलटून बघितलंस की टिंबं वाढतायत की कमी होतायत ते आपोआप दिसेल. आठवणीवर भिस्त ठेवू नकोस; काळजी करणाऱ्या माणसाला दुखणं रोज वाढल्यासारखंच वाटतं. दुसरं म्हणजे मोबाइलवर तिच्या चालीचं चित्रण करून ठेव, मागून आणि बाजूने, शक्य तर स्लो मोशनमध्ये. दवाखान्यात ही मंडळी घाबरून इतकी ताठ चालतात की डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

आता वजन. इथे मी ऐकून घेणार नाही. तीन किलोच्या कुत्र्याचं वजन 300 ग्रॅमने वाढलं म्हणजे दहावा हिस्सा वाढला, साठ किलोच्या बाईचं सहा किलो वाढावं तसं. तिला कडेवर घेऊन माणसांच्या काट्यावर उभी राहू नकोस, एवढासा फरक त्यात कळत नाही. दवाखान्यातल्या छोट्या काट्यावर महिन्यातून एकदा वजन कर. आणि नेटवरच्या तक्त्यातलं वजन तिला लावू नकोस. अस्सल पॉमेरियन सहसा सव्वातीन किलोच्या आतलाच असतो. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून दिलेली कितीतरी कुत्री इंडियन स्पिट्झ असतात आणि त्यांचं पाच-सात किलो वजन अगदी निरोगी असतं. खरी पारख हाताने होते. केसांखाली बोटं घाल; न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत आणि वरून बघितल्यावर पोटाजवळ कंबर दिसली पाहिजे.

तुमच्या घरात तिला खायला कोण घालतं हे मला ठाऊक आहे. सकाळी सासऱ्यांच्या चहातलं बिस्कीट, दुपारी सासूबाईंची तूप लावलेली पोळी, संध्याकाळी मुलांची खारी. तुला बोलणं जड जाईल, मी फोन करते सासूबाईंना. मायेने द्यायचंच असेल तर काकडी, गाजर, उकडलेली फरसबी द्या, तीही नखाएवढी. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट हे कुत्र्याला विषच. ते वजन असो नसो, बंद.

त्यानंतर तुमची फरशी. त्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर माझाच पाय सरकतो, तिचं काय होत असेल! तिचा घरातला रस्ता बघ: पाण्याच्या भांड्यापासून दिवाणापर्यंत, दिवाणापासून दारापर्यंत. त्या रस्त्यावर पाठीला रबर असलेल्या पट्ट्या किंवा जुनी योगा मॅट कापून टाक. चादरी आणि सतरंज्या टाकू नकोस, त्या तिच्यासकट घसरतात. तिच्या तळव्यांच्या गाद्यांमधले केस वाढले की फरशीवर पकड राहत नाही, ते कापत जा. फरशीवर नखांची टकटक ऐकू आली की नखंही कापायला झालीत. दिवाणावरची उडी बंद. एकतर उतरती पायरी ठेव, नाहीतर तिला खालीच गादी दे. मागच्या दोन पायांवर उभं करून नाचवणं, चेंडू फेकून गर्रकन वळायला लावणं, हे पाहुण्यांना कितीही गोड वाटलं तरी नको. पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या लॉबीतून उचलून ने.

पण बसवून ठेवू नकोस. मांडीचा स्नायू भक्कम असेल तर वाटी धरून ठेवायला मदत होते, आणि स्नायू चालण्यानेच राहतो. छातीचा पट्टा लावून, संथ, सरळ, दिवसातून थोडं थोडं चालव. हलका चढ असेल तर उत्तम. बंटीचं सगळं आयुष्य यावर निभावलं. कधीमधी पाय उचलायचा, चार पावलं लंगडायचा, पण म्हातारपणीही स्वतःच्या पायांनी बागेत जायचा.

औषधांचं थोडक्यात. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक, यातलं काहीही, अर्धी गोळीसुद्धा, द्यायची नाही. कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत त्यात जातं. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती वजन करून डॉक्टरच देतात. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनी वाटी खाचेत बसत नाही. ऑनलाइन मिळणारे गुडघ्याचे पट्टे एवढ्याशा पायावर टिकत नाहीत. आणि कोणी हाडवैद्य सांगितला तर नमस्कार करून परत ये. वाटी अडकलेली असताना पाय ओढायचा नसतो.

थांबायचं कुठवर? कालनिर्णयावरची टिंबं महिन्यागणिक वाढत असतील, ती जिना टाळू लागली असेल, मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा बारीक झाली असेल, तर आता सर्जनकडे जा. एक दिवस उलटूनही पाय टेकलाच नाही तर लगेच जा. वाटी वर्षानुवर्षं सरकणाऱ्या कुत्र्यांत गुडघ्यातला आतला लिगामेंट तुटण्याचा धोका असतो, आणि मग दुखणंच वेगळं होऊन बसतं. वाढीच्या वयातलं पिल्लू आणि तिसरी-चौथी ग्रेड असेल तर मी एक दिवस वाट बघायला सांगणार नाही. तिरक्या ओढीने वाढती हाडं वाकत जातात आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. सोन्याचं म्हणून लगेच केलं. त्याची वाटी बहुतेक वेळ बाहेरच असायची आणि तो वाकून, बसल्यासारखा चालायचा.

सर्जनला काय विचारायचं ते लिहून घेऊन जा. पहिला प्रश्न: हाडाचं काय करणार? साधारणपणे मांडीच्या हाडातली खाच खोल करतात. वरची गुळगुळीत कूर्चा जपून उचलायची, खालचं हाड थोडं काढायचं आणि कूर्चा परत बसवायची. नडगीचा उंचवटा कापून बाहेरच्या अंगाला सरकवतात आणि पिनांनी बसवतात. मग बाहेरचं आवरण घट्ट करतात, आतलं सैल. हाड तिरकं असताना नुसतं आवरण शिवून जो मोकळा होईल त्याच्याकडे करू नकोस. ओढ तिरकीच राहिली की वाटी पुन्हा निसटते. दुसरा प्रश्न: अशी ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? तिसरा: भूल कोण देणार, आणि आधी रक्त व हृदय तपासणार का? छोट्या जातींना वयाबरोबर हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं, ते आधी कळलेलं बरं. रात्री तिच्याजवळ कोण असेल, दुखू नये म्हणून काय देणार, हेही विचार. उपाशी किती तास ठेवायचं ते त्यांनी सांगितलं तेवढंच. एवढ्याशा जीवाची साखर पटकन उतरते, आपल्या मनाने जास्त उपवास घडवू नकोस. वाटी पुन्हा सरकण्याची, पिना ढिल्या होण्याची, जखम चिघळण्याची शक्यता किती, हे जो शांतपणे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेव.

दुसऱ्याचं मत घ्यायला संकोचू नकोस. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे, पुण्याच्या बाजूला शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय आहे; तिथल्या शस्त्रक्रिया विभागात दाखवता येतं. खर्चाचा अंदाज लेखी घे. त्यात एक्स-रे, रात्रीचं राहणं, नंतरच्या तपासण्या धरल्यात का ते बघ. आता विमा काढून काही मिळेल या आशेवर राहू नकोस. आधीपासूनचं दुखणं बहुतेक पॉलिसी वगळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑपरेशनचं अर्धं काम टेबलावर होतं, उरलेलं तुझ्या घरात. सहा ते आठ आठवडे उडी नाही, जिना नाही, पळणं नाही. आधीच मोठा पिंजरा किंवा लहान मुलांचं कुंपण आणून ठेव आणि ऑपरेशनपूर्वीच तिला त्यात जेवायची सवय लाव, म्हणजे नंतर ती शिक्षा वाटणार नाही. शी-शूला पट्टा लावूनच न्यायचं, पोटाखालून पंचा घालून मागचा भाग अलगद धरायचा. गळ्यातला शंकू टाके निघेपर्यंत काढायचा नाही. ‘बिचारीला पाणी पिता येत नाही’ म्हणून जो काढेल त्याला माझं नाव सांग. टाके दहा-चौदा दिवसांत निघतात. पहिले दोन-तीन दिवस पंच्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं, आणि पाय वाकवायचा व्यायाम डॉक्टर करून दाखवतील तेव्हाच. पहिल्या दोन आठवड्यांत तिने बोटं टेकवायला सुरुवात करावी. सांभाळायचं आहे ते तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा तिला बरं वाटायला लागतं, पण हाड अजून जुळलेलं नसतं, आणि घरचे म्हणतात, सोड की आता. सोडायचं नाही. सहा-आठ आठवड्यांनी एक्स-रे काढून हाड जुळलेलं दिसलं की मगच हळूहळू.

म्हणून तारीख बघून घे. गणपती आणि दिवाळी त्या आठवड्यांत येता कामा नये. घर पाहुण्यांनी भरलेलं, दार सारखं उघडं, बाहेर फटाके, आणि हिला पिंजऱ्यात शांत ठेवायची, हे होणार नाही. दिवसा घरी कोण असणार ते आधी ठरवा. तू ऑफिसात आणि सासूबाईंची कंबर धरलेली, असं असेल तर थोडं पुढे ढकल. दोन्ही पायांत दोष असेल, आणि पुष्कळदा असतोच, तर जो पाय जास्त त्रास देतो तो आधी. ऑपरेशननंतरही थंडीत ती कधी लंगडेल, सांध्याची झीज पूर्ण थांबत नाही, हे आत्ताच मनाशी धरून चाल.

माझं मत विचारशील तर चिंगीला आत्ता ऑपरेशन नको. तिचं वय, तिची ग्रेड आणि तू सांगतेस तेवढंच लंगडणं बघता वजन, फरशी आणि चालणं यांवर तीन महिने दे, मग कालनिर्णय घेऊन सर्जनकडे जा.

आणि तिला पिल्लं होऊ देऊ नका. ही उथळ खाच बहुतेक वेळा आईबापांकडून येते, पिल्लांतही उतरते. ज्याच्याकडून तिला आणलीत त्याला फोन करून हे कळव, त्याच जोडीचं पुढचं वेत विकलं जाण्याआधी.