जुन्या गाडीचं अंतरंग : हरवलेला भाग शोधायचा कसा?

(इयत्ता आठवी ते दहावी. विषय : कार्यानुभव, विज्ञान, गणित. पालकांनाही सुट्टीत मुलांबरोबर करता येईल.)



'दुरुस्ती' हा शब्द मुलांच्या बोलण्यातून हळूहळू कमी होतोय. वस्तू बिघडली की नवी मागवायची, एवढंच ती बघतात. म्हणून आजच्या पाठासाठी अशी वस्तू घेतली आहे, जिचा नवा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतच नाही : पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटार. इंजिनाबद्दल सगळेच बोलतात. आपण आत बसू या. सीटा, दाराचे पॅड, छताचं अस्तर, डॅशबोर्डवरची मीटरं, बटणं, मुठी. यातल्या बऱ्याच गोष्टींवाचून गाडी चालू शकते. आणि म्हणूनच त्या सगळ्यांत आधी फेकल्या जातात.

उदाहरण कोणत्या गाडीचं?

१९५९ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेरल्ड ही गाडी आली. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी आखलं होतं. १९६१ पासून मद्रासच्या स्टॅन्डर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने ती 'स्टॅन्डर्ड हेरल्ड' या नावाने भारतात बनवली. पुढे १९६२ मध्ये ट्रायम्फने याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून 'स्पिटफायर' ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे आपल्याकडची साधी घरगुती हेरल्ड आणि तिकडची ऐटबाज स्पिटफायर या चुलत बहिणी. पाठात हे नातं आपल्या उपयोगाला येणार आहे.

आता मुलांना विचारा : भाग मिळेनासे का होतात? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचं उदाहरण द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून कायमची गेली. एखादी गाडी हजारोंनी धावत असते तोवर तिचे भाग बनतात. गाड्या भंगारात निघतात तेव्हा काही काळ जुने भाग भरपूर मिळतात. मग तो साठाही आटतो. हेरल्डच्या घराण्याचं भारतातलं उत्पादन सत्तरच्या दशकातच थांबलं, तेव्हा तिच्या बाबतीत हा टप्पा केव्हाच मागे पडला.

पहिला नियम : फाटकं फेकू नका

गाडी कामाला लावली की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, हे सगळं काढून टाकतो, करकरीत नवं बसवून देतो." हेतू चांगला असतो, पण इथेच कायमचं नुकसान होतं. कारण फाटलेलं सीटकव्हर म्हणजे नुसती चिंधी नव्हे, तो फर्मा आहे. शिवण हलक्या हाताने उसवली की प्रत्येक तुकड्याचा खरा आकार हाती येतो. पट्ट्या किती, त्यांची रुंदी किती, पायपिंग कुठून कुठे फिरवलंय, आत काथ्या होता की फोम, तो किती जाड होता, हे सगळं त्यातच लिहिलेलं असतं. रंगाचंही तसंच. वरचं रेक्झिन उन्हाने विटलेलं असतं, पण शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीत किंवा पॅडच्या मागच्या बाजूला मूळ रंग टिकून राहतो. दाराच्या पॅडमागचा हार्डबोर्ड पाण्याने फुगला असला, तरी त्यावरची क्लिपांची भोकं कागदावर गिरवून घेता येतात.

म्हणून काही उघडण्याआधी वही उघडा. रकाने असे : भागाचं नाव, जागा, माप, साहित्य, त्यावरचे आकडे-अक्षरं, फोटो. फोटोत शेजारी फूटपट्टी हवीच. सुटे बोल्ट नाव लिहिलेल्या पिशव्यांत ठेवा. या गाड्यांचे बोल्ट इंची आट्यांचे असतात. आजचा मेट्रिक बोल्ट त्यात एक-दोन आटे जातो आणि मग अडकतो. तरीही पान्याने पिळत बसलं, तर जुने आटे कायमचे जातात.

दुसरा नियम : भागाचं मूळ घराणं ओळखा

"हेरल्डचं मीटर आहे का?" असं विचारत फिरलात, तर बहुतेक जण मान हलवतील. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची मीटरं अनेकदा स्मिथ्स कंपनीची, विजेची बटणं लुकास कंपनीची. एकच पुरवठादार अनेक गाड्यांना माल देत असे. त्यामुळे शोध गाडीच्या नावाने न करता पुरवठादाराच्या नावाने आणि भागावरच्या क्रमांकाने करायचा. मग एखादं बटण भलत्याच गाडीतून निघालेलंही चालून जातं. वर सांगितलेलं नातंही इथे कामाला येतं. स्पिटफायरवर प्रेम करणारे लोक जगभर आहेत, त्यामुळे ब्रिटनमध्ये ट्रायम्फच्या सीटकव्हरचे, गालिच्यांचे, रबरी पट्ट्यांचे नवे संच आजही बनतात. ते सगळे हेरल्डला बसतील असं नाही. तपासायला आपली वही आहेच.

तिसरा नियम : बसलं म्हणजे जुळलं असं नाही

आता कसबा पेठेकडे वळू. पेठेला लागूनच, शाहीर अमर शेख चौकाकडे, जुना बाजार भरतो. त्याचे दिवस रविवार आणि बुधवार. जमिनीवर मांडलेल्या पसाऱ्यात घड्याळं, कुलपं, अवजारं, मोटारीचे सुटे भाग असं काहीही दिसतं. समजा, तिथे एक गोल स्पीडोमीटर मिळाला आणि डॅशबोर्डच्या भोकात तो अगदी फिट बसला. झालं काम?

नाही. गिअरबॉक्समधून येणारी केबल फिरते आणि तिच्या वेगावरून काटा हलतो. एका मैलाला केबलचे किती फेरे अपेक्षित आहेत, हा आकडा बऱ्याच जुन्या ब्रिटिश मीटरांच्या तबकडीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. गाडीच्या फेऱ्यांशी तो जुळला नाही, तर काटा खोटं बोलतो.

वर्गात हे गणित करून घ्या. मीटरकडचं केबलचं टोक सुटं करायचं, त्यावर कागदाचा छोटा बाण लावायचा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा आणि सपाट जागेवर गाडी सरळ १० मीटर ढकलायची. बाणाचे फेरे मोजायचे. समजा ७.७५ फेरे झाले.

एका किलोमीटरला फेरे : ७.७५ × १०० = ७७५
एका मैलाला फेरे : ७७५ × १.६०९ = सुमारे १२४७

तबकडीवर १००० छापलं असेल, तर गाडी खरोखर ताशी ४० मैलांनी जात असताना काटा ताशी ५० च्या जवळ दिसेल (४० × १२४७ ÷ १०००). उलट तबकडीवरचा आकडा मोठा आणि गाडीचे फेरे कमी असतील, तर काटा कमी वेग दाखवेल. यातली जास्त धोक्याची चूक कोणती, हे मुलांनाच सांगू द्या. गुणोत्तर-प्रमाणाचा याहून जिवंत नमुना क्वचितच मिळेल.

तांबट आळीतलं विज्ञान

कसबा पेठेतच तांबट आळी आहे. पेशवाईपासून इथे तांब्या-पितळेची भांडी घडवली जातात. गुळगुळीत हातोडीने ठोके देत भांड्यावर चमकदार ठिपक्यांची नक्षी उमटवतात, तेच मठारकाम. त्याने भांडं नुसतं सुंदर होत नाही, पत्रा कडकही होतो. आणि कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ करायचं असेल, तर ते लालसर तापवून थंड करतात. पाण्यात बुडवलं तरी ते मऊच राहतं. पोलादाचं नेमकं उलट. तापवून एकदम पाण्यात घातलेलं पोलाद कडक होतं. नववी-दहावीच्या मुलांसाठी 'धातूंचे गुणधर्म' हा धडा इथे कानाने ऐकायला मिळतो.

याचा गाडीशी संबंध काय? जुन्या मीटरभोवतीचं चकचकीत कडं अनेकदा पितळेचं असतं. वर निकेल आणि क्रोमचा मुलामा. त्याला पोचा आला, तर तो काढण्याची मूळ विद्या भांड्याचा पोचा काढण्याचीच. कोणता कारागीर असं काम घेईल हे विचारूनच कळतं, पण विचारायला जाताना 'हा पत्रा कोणत्या धातूचा' हे ठाऊक हवं. चुंबक लावून बघा. पितळेला तो चिकटत नाही. कारागिराकडे मुलांना नेताना आधी वेळ ठरवा, त्यांच्या कामाच्या धांदलीत घुसू नका आणि माहितीसाठी त्यांचा वेळ घेतला तर त्याचा योग्य मोबदला द्या. त्यांची मेहनत ही फुकट बघायची गंमत नाही, हाही पाठाचाच भाग.

ठेवायचं की बदलायचं?

'जुनं ते सोनं' म्हणून सगळंच ठेवायचं का? तसंही नाही. कुजलेल्या वायरी, तडकलेली ब्रेकची नळी, गंजून गेलेली सीटची चौकट, यांत माया दाखवायची नसते. जिवाशी संबंध असेल तिथे नवं आणि भक्कम. बाकी ठिकाणी आधी डागडुजी, मग जुनाच दुसरा भाग, आणि तेही नसेल तर नवी प्रतिकृती, असा क्रम ठेवावा.

प्रतिकृती बसवली तर ती लपवू नये. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसमध्ये एक सनद ठरली. नवा भरलेला भाग एकूण वास्तूत शोभला पाहिजे, पण मुळापासून वेगळा ओळखूही आला पाहिजे, असं ती सांगते. गाडीतही हे सोपं आहे. पॅडच्या मागे, सीटच्या खाली तारीख आणि 'नवीन' एवढं लिहून ठेवायचं. भारतात २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आला, त्यांच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे. सीटच्या शिवणीबद्दल कायदा काही विचारत नाही. तिथला प्रामाणिकपणा मालकाचा स्वतःचा.

घरी करायची कृती

सगळ्यांकडे जुनी गाडी कुठून असणार? आजीची शिलाई मशीन, आजोबांचा रेडिओ, मोडकी छत्री, काहीही चालेल. मुलांनी एक नादुरुस्त भाग निवडावा, वहीत त्याची नोंद करावी, तो कुणी बनवला ते शोधावं, दोन ठिकाणी चौकशी करावी आणि शेवटी 'डागडुजी, जुना भाग की प्रतिकृती' हा निर्णय कारणांसह लिहावा.

गुण देताना मात्र एक विनंती. वस्तू चालू झाली का, यावर थोडेच गुण ठेवा. जास्त गुण वहीला द्या. भाग मिळाला नाही तरी नीट केलेली नोंद, मोजलेलं माप आणि जपून ठेवलेला मोडका तुकडा पुढच्या शोधणाऱ्याला उपयोगी पडतो. असं काम केलेल्या मुलाला 'अपूर्ण' असा शेरा देऊ नका.