वाटून खाल्लं की नाही, हे संगणक कसं सांगणार?

प्रश्न : हजार वर्षांपूर्वीच्या ज्या लोकांनी काही लिहून ठेवलं नाही, ते धान्य आपसांत वाटून घेत होते का, हे संगणकावर कसं कळतं?

उत्तर : काय घडलं, हे संगणक सांगत नाही. आपण मांडलेलं कारण पुराव्यापुढे टिकतं का, हे मात्र तो तपासून देतो.

अमेरिकेत ॲरिझोना राज्याच्या ईशान्य भागात लाँग हाउस व्हॅली हे सुमारे ९६ चौरस किलोमीटरचं खोरं आहे. आजच्या प्युब्लो या मूलनिवासी लोकांचे पूर्वज तिथं मका पिकवत. इ.स. १३००च्या सुमारास ते खोरं सोडून गेले. रॉबर्ट ॲक्स्टेल, जोशुआ एप्स्टाइन, जेफ्री डीन आणि सहकाऱ्यांनी हे खोरं संगणकावर उभं केलं. निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

झाडांच्या खोडांतल्या वर्तुळांवरून ओली-कोरडी वर्षं कळतात. त्यावरून इ.स. ८०० ते १३५० या काळातल्या दरवर्षीच्या पिकाचा अंदाज बांधला. कुटुंब पाच जणांचं, माणशी वर्षाला १६० किलो मका. पुरला नाही तर दुसरं शेत शोधायचं. तेही मिळालं नाही तर खोरं सोडायचं. या नियमांतून आलेली कुटुंबांची संख्या पुरातत्त्वीय पाहणीतल्या घरांच्या संख्येशी ताडली. चढउतार बराच जुळला, शेवट जुळला नाही. संगणकावर काही कुटुंबं तगून राहिली; प्रत्यक्षात खोरं ओस पडलं. म्हणजे नुसत्या दुष्काळानं उलगडा होत नाही. लोकांचे आपसांतले संबंध, श्रद्धा, इतरत्र असलेली ओढ यांचाही शोध घ्यायला हवा. हे न जुळणंच मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

वाटपाचा प्रश्न मिशेल हेगमन यांनी १९८९ साली प्युब्लोंपैकीच असलेल्या होपी लोकांच्या शेतीवरून तपासला. कुणीच कुणाला न देणं, सगळं एकत्र करून सारखं वाटणं आणि घरची गरज भागल्यावर उरेल तेवढंच देणं, असे तीन नियम त्यांनी संगणकावर चालवून पाहिले. पहिल्यात ज्याचं पीक बुडालं ते घर एकटं पडतं. दुसऱ्यात वाईट वर्षी सगळ्यांनाच अपुरं पडतं. तिसरा नियम सर्वांत तारक ठरला.

यावरून होपींचे पूर्वज असंच वाटत होते, हे सिद्ध होत नाही; तसं वाटणं शहाणपणाचं होतं, एवढं दिसतं. म्हणून असा निष्कर्ष वाचताना दोन गोष्टी जरूर विचारा : नियम कुणी, कशाच्या आधारे ठरवले आणि उत्तर जमिनीतल्या कोणत्या पुराव्याशी ताडून पाहिलं?