घरातच तर असतेस ना!

अगं, स्वयम पोर्टलवर नाव नोंदवलंस आणि पहिला व्हिडिओसुद्धा उघडला नाहीस, म्हणून स्वतःला आळशी म्हणत बसली आहेस ना? ते आधी बंद कर. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसच्या २०१२ ते २०१८ च्या नोंदी दोन संशोधकांनी तपासल्या. २०१९ मध्ये त्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स उघडलाच नव्हता. घे, एवढी मंडळी आहेत तुझ्या जोडीला.

‘या वयात बायकांना कॉम्प्युटर जमत नाही’ हे तर मला सांगूच नकोस. विजेचं बिल, सासूबाईंच्या तपासणीचा नंबर, पुण्याचं तिकीट, सगळं फोनवर तूच करतेस. मराठी घर, जबलपूरची हिंदी शाळा आणि कोर्स इंग्रजीत, हे जड जातं खरं. पण चार व्याख्यानं ऐकली की कान सरावतो.

खरी अडचण घराची आहे. गोलबाजारात शिवणाच्या किंवा टायपिंगच्या क्लासला जायचं म्हटलं, की साडी बदलून, पर्स घेऊन तू उंबरा ओलांडतेस. मग दोन तास तुला कुणी हाक मारत नाही. कुकर कुणीतरी उतरवतं, गोळी कुणीतरी देतं. ऑनलाइन कोर्सने जाण्यायेण्याचा वेळ वाचतो म्हणतात, पण तोच तर तुझा होता! आता तू आतल्या खोलीत कानात इयरफोन घालून बसलेली. ‘घरातच तर आहे’ म्हणत दूधवाल्यापासून सगळे हाका मारणार. तू ओ दिली नाहीस तर उर्मट ठरणार, दिलीस तर व्हिडिओ राहणार. पुरुषांनाही हे चुकत नाही. पण त्यांनी दार लावलं तर ‘काम चाललंय’ म्हणतात.

रमाबाई रानडे घरात शिकत होत्या तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना किती छळलं, ते त्यांच्या आठवणींत आहे. आणि त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे तर त्यांच्या बाजूने होते! पुढे १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथे मोठ्या वयाच्या बायका घर सोडून येऊन बसायच्या. मला वाटतं, अर्धं शिक्षण त्या येण्यातच होतं.

म्हणून माझं ऐक. बारा आठवड्यांचा कोर्स सोड, चार किंवा आठचा घे. परीक्षेची फी भरून टाक. शिकणं फुकट असलं तरी परीक्षेला पैसे पडतात, ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. आपल्या घरच्यांचा फुकटावर विश्वास नाही गं, पावती दिसली की अभ्यास खरा वाटतो. कॅलेंडरवर परीक्षेची तारीख लिही, लग्नाची लिहितो तशी, सगळ्यांना दिसेल अशी. स्वयमवरच्या एनपीटेलच्या कोर्सला असाइनमेंटचे पंचवीस टक्के धरतात, तेव्हा आठवड्याचं काम आठवड्यातच उरक. पदवीच हवी असेल तर इग्नूचं प्रादेशिक केंद्र जबलपुरातच आहे, एकदा जाऊन विचार.

आणि रविवारी दुपारी माझ्याकडे राइट टाउनला ये. माझ्या खोलीला आतून कडी आहे. तू तुझा व्हिडिओ लाव, मी माझी पेपरची रद्दी आवरीन. घरी कुणी विचारलं तर ‘ताईकडे क्लास आहे’ म्हण, खोटं थोडंच आहे? डबाबिबा आणू नकोस, मी खिचडी लावीन.