टाचणात नाणंही लिही

अगं, सराव पाठाला सांख्यिकी घेतलीस ते बरं केलंस. बाकीच्या जणी प्रमेयं नाहीतर वर्गसमीकरणं उचलतात, फळ्यावर ती शोभून दिसतात ना! सांख्यिकी म्हटलं की क्रिकेटच्या धावा आणि मुलांची उंची, त्यापुढे कुणी जात नाही. तू आपल्या जिल्ह्याचाच आकडा घे.

२०११च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. २००१ला ८८४. आणि सगळ्या वयांचं मिळून २०११चं गुणोत्तर मात्र ९३९! एकाच जिल्ह्याचे हे दोन आकडे इतके वेगळे कसे, ते पोरांना विचार आणि गप्प बस. मोठ्या आकड्यात आज्याही मोजल्या जातात, त्यात अलीकडची घट झाकली जाते, हे कुणीतरी बोलेलच.

मग नाणं काढ. समज, एखाद्या वाडीवर वर्षात वीस बाळं जन्मली, बारा मुलगे, आठ मुली. म्हणजे हजारी ६६७. बातमीवाला लगेच वाडीच्या नावानं बोटं मोडणार. तू प्रत्येक जोडीला नाणं वीसदा उडवायला लाव. साधारण चारातल्या एका जोडीला छापा आठ किंवा त्याहून कमी वेळा पडेल, आणि तिथं तर कुणी काही केलेलं नसतं! लहान गावाचा आकडा नुसत्या योगायोगानंही असा हलतो. पण लाखो मुलांच्या जिल्ह्यात ८५२ योगायोगानं येत नाही. निसर्गतः हजारी साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. मधल्या मुली कुठं गेल्या, हे दहावीच्या पोरांना सांगावं लागत नाही.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं देशात सगळ्यात आधी, १९८८ सालीच कायदा केला. केंद्राचा १९९४चा. तरी पुढच्या दशकात आकडा घसरलाच. 'कायदा झाला आणि प्रश्न सुटला' असं निबंधात लिहिणाऱ्यांना ८८४ आणि ८५२ हे दोन आकडे शेजारी मांडायला लाव.

एक मात्र जप. तुझा पाठ ज्या नागापूरच्या वर्गात आहे, तिथं एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांची मुलं असणार. मध्य-मध्यक शिकवताना 'तुझ्या बाबांना पगार किती?' असं चुकूनही विचारू नकोस. मनानंच आकडे घे: नऊ जणांना बारा हजार, साहेबाला दीड लाख. मध्य २५,८००, मध्यक १२,०००. कारखान्याची जाहिरात कुठला आकडा छापेल, ते पोरं हसत सांगतील. 'तुम्ही बहिणी किती?' हेही नको. मुलाची वाट पाहत चार मुली झालेल्या घरातली पोर वर्गात असू शकते.

मार्गदर्शक बाई म्हणतील, हे समाजशास्त्र झालं, गणित कुठंय? टाचण पुढं कर. गुणोत्तर, संभाव्यता, मध्यक, सगळं शाळेच्या पुस्तकातलंच आहे. आणि नाणी घरून ने, पोरांकडे मागू नकोस.