संगीताच्या फाइली सीडीवर उतरविताना

१९८२ साली बाजारात आलेल्या संगीताच्या सीडीचे माप ठरलेले आहे : ध्वनिमार्ग दोन, प्रत्येकात सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा. जुन्या घरगुती सीडी-प्लेअरला एवढेच वाचता येते. म्हणून एमपी-३ फाइल आधी या मापात उलगडावी लागते. सेकंदाला १२८ किलोबिटांची फाइल त्यामुळे सुमारे अकरापट फुगते. मात्र आकुंचनाच्या वेळी गाळलेला ध्वनी परत येत नाही. दुर्मीळ मैफलीची मूळ प्रत जपावी, ती याचसाठी. सीडीवर प्रत्येक सेकंदाचे ७५ भाग असतात. अखंड आलापाचे तुकडे या भागांच्या सीमेवर पाडले नाहीत, तर उरलेली जागा निःशब्दतेने भरली जाते आणि सांध्यावर स्वर तुटतो. दोन तुकड्यांत दोन सेकंदांचे अंतर सोडण्याची सोयही अशा वेळी बंद ठेवावी.